डिझेलमधला शेवटचा गंधक आणि कोबाल्टचा पत्ता

पेट्रोल पंपावर रिकामा होणाऱ्या १२ हजार लिटरच्या टँकरमध्ये साधारण दहा टन डिझेल असतं. २००० साली आपल्याकडच्या डिझेलमध्ये २५०० पीपीएमपर्यंत, म्हणजे दर दहा लाख भागांमागे २५०० भाग, गंधक चालायचा. त्या हिशेबाने एका टँकरमधून २५ किलो गंधक रस्त्यावर यायचा. भारत स्टेज चार या प्रदूषणाच्या नियमांत मर्यादा ५० पीपीएमवर आली, म्हणजे टँकरमागे अर्धा किलो. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज सहा लागू झालं. आता मर्यादा १० पीपीएम आहे, म्हणजे त्याच टँकरमध्ये जास्तीत जास्त १०० ग्रॅम.

पंचवीसपैकी साडेचोवीस किलो गंधक काढायची विद्या रिफायनऱ्यांकडे आधीपासून होती. खरा घाम काढला तो उरलेल्या अर्ध्या किलोतल्या ४०० ग्रॅमांनी. हे प्रकरण त्या ४०० ग्रॅमांचं आहे. त्याचा मोठा भाग घडला डेन्मार्कमध्ये, कोपनहेगनजवळच्या ल्युंगब्यू इथल्या हाल्डोर टॉप्सो कंपनीच्या प्रयोगशाळांत आणि ऑर्हूस विद्यापीठात. उत्प्रेरकाच्या, म्हणजे स्वतः न संपता रासायनिक क्रियेचा वेग वाढवणाऱ्या पदार्थाच्या, विकासाची अनेक उदाहरणं सांगता येतील, पण एका अणूची जागा शोधण्यापासून कारखान्यातल्या रिॲक्टरपर्यंतचा धागा इतका सलग क्वचितच सापडतो. म्हणून हेच निवडलं.

शेवटी उरतो तो रेणू

गंधक काढायची पद्धत ऐकायला सोपी आहे. डिझेल आणि हायड्रोजन एकत्र तापवायचे, साधारण ३३० ते ३८० अंश सेल्सिअसपर्यंत, आणि ३० ते ८० बार दाबाखाली उत्प्रेरकाच्या थरातून खाली सोडायचे. गंधकाचा कार्बनशी असलेला बंध तुटतो आणि गंधक हायड्रोजन सल्फाइड होऊन बाहेर पडतो. पुढे क्लाउस युनिटमध्ये त्याचा पिवळा गंधक होतो आणि तो खतवाल्यांना विकला जातो. उत्प्रेरक म्हणजे ॲल्युमिनाचे एक-दोन मिलिमीटर जाडीचे, शेवयांच्या तुकड्यांएवढे सच्छिद्र दाणे, बहुतेकदा तीन पाकळ्यांच्या आकाराचे. त्यांच्या छिद्रांत मॉलिब्डेनम आणि त्याच्या जोडीला कोबाल्ट किंवा निकेल बसवलेलं असतं. कोबाल्टवाला नवा माल निळसर दिसतो. रिॲक्टरमध्ये भरल्यावर त्याला आधी गंधक पाजावा लागतो, त्याने ऑक्साइडचं सल्फाइड होतं आणि दाणा काळा पडतो. गंधक काढणारा उत्प्रेरक स्वतः गंधकाचाच बनलेला असतो.

आता आकडेमोड पाहू. डिझेलमधले सगळे गंधकी रेणू सारख्याच वेगाने फुटतात असं क्षणभर धरलं, तर एक टक्क्यावरून ५०० पीपीएमवर यायला जेवढा उत्प्रेरक लागतो त्याच्या सुमारे २.३ पट उत्प्रेरक १० पीपीएमसाठी लागेल. हे तरी एक वेळ परवडलं असतं. पण रेणू सारखे नसतात. मर्कॅप्टन आणि साधे सल्फाइड पहिल्या काही फुटांतच फुटून जातात. थायोफीन, बेंझोथायोफीन हेही फार त्रास देत नाहीत. डायबेंझोथायोफीन चिवट असतो, तरी जातो. सगळ्यात शेवटी उरतो तो ४,६-डायमिथाइल-डायबेंझोथायोफीन आणि त्याचे भाऊबंद.

या रेणूत गंधकाचा अणू मधोमध असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना मिथाइलचा एकेक गट. उत्प्रेरकाला गंधकाला सरळ धरायचं असतं, पण हे दोन गट आड येतात. गर्दीच्या लोकलमध्ये दोन धिप्पाड माणसांच्या मध्ये सापडलेल्याचा हात वरच्या कडीपर्यंत पोचत नाही, तशी गंधकाची गत होते. साध्या डायबेंझोथायोफीनच्या तुलनेत हा रेणू सुमारे दहापट संथ फुटतो, काही परिस्थितीत त्याहूनही संथ.

इथे प्रश्नाचं रूप पालटलं. आधी विचारलं जायचं, किती गंधक काढायचा. ५० पीपीएमच्या खाली आल्यावर विचारायचं, कोणत्या रेणूतला काढायचा. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली कळीची गोष्ट हीच. ज्यांनी ती वेळेवर ओळखली त्यांचा उत्प्रेरक पुढे गेला. बाकीचे जुन्याच दाण्यात धातूचं प्रमाण वाढवत राहिले.

रिफायनरीच्या हातात दुसरे उपायही होते. तापमान वाढवायचं, तर उत्प्रेरकावर कोक, म्हणजे कार्बनचा थर, लवकर साचतो आणि डिझेलचा रंग बिघडतो. दाब वाढवायचा, तर जाड भिंतीचा नवा रिॲक्टर आणि नवे कॉम्प्रेसर घ्यावे लागतात. दुसरा रिॲक्टर जोडायचा, तर जागा आणि पैसा. डिझेलच्या जड टोकाचा थोडा भाग कापून टाकायचा, म्हणजे हे हट्टी रेणूच वगळले जातात, पण मग तेवढं डिझेल हातचं जातं. त्याच रिॲक्टरमध्ये, त्याच दाबात, फक्त दाणे बदलून काम भागलं तर सगळ्यात स्वस्त. म्हणून उत्प्रेरकाच्या संशोधनाला एवढं मोल आलं.

कोबाल्ट बसतो कुठे

मॉलिब्डेनम सल्फाइडला थोडा कोबाल्ट जोडला की त्याचा वेग कितीतरी पटींनी वाढतो, हे कारखानदारीला दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून माहीत होतं. का वाढतो, हे मात्र कोणाला नीट सांगता येत नव्हतं. १९७० च्या दशकात यावर खडाजंगी होती. कोणी म्हणे ॲल्युमिनाच्या पृष्ठभागावर मॉलिब्डेनमचा एकेरी थर असतो आणि कोबाल्ट त्याला आधार देतो. कोणी म्हणे कोबाल्ट मॉलिब्डेनम सल्फाइडच्या पदरांमध्ये शिरतो. बेल्जियममधल्या बर्नार देल्मों यांचं म्हणणं होतं की कोबाल्ट सल्फाइड आणि मॉलिब्डेनम सल्फाइड हे दोन वेगळे स्फटिक असतात. एकावर तयार झालेला सक्रिय हायड्रोजन दुसऱ्यावर जातो आणि त्यातून वेग वाढतो.

या वादात भारतातूनही कसदार लेखन झालं. डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेत या उत्प्रेरकांवर काम केलेले पॉल रत्नसामी आणि एस. शिवशंकर यांनी १९८० मध्ये कोबाल्ट-मॉलिब्डेनम-ॲल्युमिना उत्प्रेरकाच्या रचनेचा सविस्तर आढावा एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात लिहिला. पुढे दोघेही पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (एनसीएल) आले आणि रत्नसामी तिचे संचालक झाले. एनसीएलमध्ये उत्प्रेरकविज्ञानाची जी परंपरा वाढली तिच्या पायाशी हे काम आहे. मराठी वाचकांपुढे ते फारसं कधी मांडलं जात नाही, याची मला खंत वाटते.

वाद मिटायला पुरावा हवा होता, आणि तो मिळवणं अवघड होतं. मॉलिब्डेनम सल्फाइडचे हे तुकडे दोन-तीन नॅनोमीटरचे. क्ष-किरणांच्या नेहमीच्या पद्धतीत त्यांची धड रेषा उमटत नाही, मग त्यांच्यातला कोबाल्ट वेगळा ओळखायचा कसा? टॉप्सो कंपनीतले हेन्रिक टॉप्सो, ब्यार्ने क्लाउसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळी वाट धरली. त्यांनी उत्प्रेरकात नेहमीच्या कोबाल्टऐवजी किरणोत्सर्गी कोबाल्ट-५७ घातला. त्याचं अर्धायुष्य २७२ दिवसांचं. तो क्षय पावून लोह-५७ होतो आणि १४.४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा गॅमा किरण सोडतो. अणूच्या आसपास कोण आहे यावर त्या किरणाची ऊर्जा अगदी सूक्ष्म प्रमाणात बदलते, आणि मॉसबाउअर परिणामाच्या आधारे हा बदल मोजता येतो. म्हणजे कोबाल्टचा प्रत्येक अणू आपला पत्ता स्वतःच कळवतो. तेही उत्प्रेरक हायड्रोजन आणि हायड्रोजन सल्फाइडमध्ये असताना. बाहेर काढून हवेत नेला तर सल्फाइडचं रूपच बदलतं, त्यामुळे हा मुद्दा फार महत्त्वाचा होता.

या मोजणीत कोबाल्टचे तीन पत्ते निघाले. काही कोबाल्ट ॲल्युमिनात रुतून बसलेला, काही स्वतंत्र कोबाल्ट सल्फाइडचे स्फटिक झालेला, आणि काही तिसऱ्याच, तोवर माहीत नसलेल्या अवस्थेत. या तिसऱ्या अवस्थेला त्यांनी कोबाल्ट, मॉलिब्डेनम आणि गंधक यांच्या चिन्हांवरून 'को-मो-एस' म्हटलं. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात त्यांनी वेगवेगळ्या प्रमाणात कोबाल्ट घातलेल्या उत्प्रेरकांची गंधक काढण्याची क्षमता मोजली आणि ती को-मो-एसमधल्या कोबाल्टच्या प्रमाणासमोर मांडली. ठिपके एका सरळ रेषेत आले. एकूण कोबाल्ट किती आहे याला अर्थ नव्हता. ॲल्युमिनात रुतलेला कोबाल्ट फुकट जात होता, स्वतंत्र सल्फाइड झालेलाही. कोबाल्ट महाग धातू आहे, आणि त्यातला किती वाया जातोय हे आता मोजता येऊ लागलं.

पुढच्या अभ्यासातून कळलं की मॉलिब्डेनम सल्फाइडच्या पातळ पापुद्र्याच्या कडेवर कोबाल्ट बसतो तेव्हा ही अवस्था तयार होते. १९८४ मध्ये तिचेही दोन प्रकार वेगळे काढले गेले. पहिल्या प्रकारात पापुद्रा ऑक्सिजनच्या काही बंधांनी ॲल्युमिनाला चिकटून राहिलेला असतो, त्यामुळे त्याचं सल्फाइड अर्धवटच होतं. दुसऱ्या प्रकारात तो मोकळा आणि पूर्ण सल्फाइड झालेला असतो, आणि प्रत्येक कोबाल्टमागे कामही जास्त करतो. मग साहजिकच सगळ्यांना दुसरा प्रकार हवा झाला. खूप तापवून तो मिळतो, पण त्याने पापुद्रे एकत्र येऊन मोठे होतात आणि कडा कमी होतात. एकीकडे मिळवलेलं दुसरीकडे जातं.

यातून वाट काढली ती कीलेट करणाऱ्या सेंद्रिय पदार्थांनी. धातूचं द्रावण दाण्यात मुरवताना त्यात नायट्रिलोट्रायअॅसेटिक आम्लासारखा पदार्थ घालतात. तो कोबाल्टला घट्ट धरून ठेवतो. सल्फाइड होताना आधी मॉलिब्डेनमचे पापुद्रे तयार होतात, आणि मग कोबाल्ट सुटतो तो थेट त्यांच्या तयार कडांवर जाऊन बसतो. आधीच सुटला असता तर स्वतःचेच स्फटिक करून बसला असता. या कामात शेलच्या संशोधकांचा आणि नेदरलँड्समधल्या आइंडहोवेनच्या गटाचा मोठा वाटा आहे. अशा उत्प्रेरकाला वापराआधी हवेत भाजायचं नसतं, कारण भाजला की कीलेट जळून जातं.

सोन्याच्या पत्र्यावरचे त्रिकोण

एवढं होऊनही तो हट्टी रेणू हट्टीच राहिला होता. को-मो-एस त्याला थेट धरू शकत नाही. त्याच्यासाठी दुसरा मार्ग आहे. आधी रेणूच्या एका कड्याला हायड्रोजन द्यायचा. मग त्याचा सपाटपणा मोडतो, मिथाइल गट थोडे बाजूला झुकतात आणि गंधक उघडा पडतो. हे हायड्रोजन देणं उत्प्रेरकावर नेमकं कुठे होतं, हे कळायला हवं होतं.

ऑर्हूसमध्ये फ्लेमिंग बेसेनबाखर यांच्या गटाने टॉप्सोच्या संशोधकांसोबत स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोप वापरला. तो विजेच्या सूक्ष्म प्रवाहावरून पृष्ठभागावरचे अणू दाखवतो. ॲल्युमिना वीज वाहत नाही, म्हणून त्यांनी आधारासाठी सोन्याचा स्फटिक घेतला, हायड्रोजन सल्फाइडच्या वातावरणात त्यावर मॉलिब्डेनम बसवलं आणि तापवलं. २००० साली प्रसिद्ध झालेल्या चित्रांत मॉलिब्डेनम सल्फाइडचे एकेरी पापुद्रे दिसले. प्रत्येक पापुद्रा जवळजवळ नेटका त्रिकोण, बाजू सुमारे तीन नॅनोमीटर. पुढच्या वर्षी कोबाल्ट घातल्यावर त्रिकोणांचे कोपरे छाटले जाऊन षटकोन झाले, आणि कोबाल्ट एकाच जातीच्या कडांवर रांगेने बसलेला दिसला. वीस वर्षांपूर्वी मॉसबाउअरच्या आलेखावरून जे अनुमान काढलं होतं, ते आता अणू मोजून तपासता आलं.

चित्रांत आणखी एक गोष्ट होती. त्रिकोणाच्या कडेला लागून आतल्या बाजूने एक उजळ पट्टी सलग फिरत होती. मॉलिब्डेनम सल्फाइडचा सपाट भाग विजेच्या दृष्टीने अर्धवाहक आणि रसायनाच्या दृष्टीने थंड, असं सगळे मानत आलेले. डेन्मार्कचे सैद्धांतिक शास्त्रज्ञ येन्स नोर्स्कोव यांच्या गटाच्या गणितातून दिसलं की या पट्टीवरचे इलेक्ट्रॉन धातूतल्यासारखे वागतात. २००४ च्या प्रयोगात थायोफीनचे रेणू आणि अणुरूप हायड्रोजन सोडल्यावर हायड्रोजन जोडण्याचे पहिले टप्पे या पट्टीवरच घडताना दिसले. तिला 'ब्रिम', म्हणजे काठ, हे नाव पडलं.

डिझेलच्या दृष्टीने ही पट्टी इतकी मोलाची का? कडेवरच्या नेहमीच्या जागांवर काम होण्यासाठी गंधकाची एक जागा रिकामी असावी लागते, आणि हायड्रोजन सल्फाइड येऊन ती जागा अडवतो. ब्रिमवरचे अणू गंधकाने पूर्ण भरलेलेच असतात, रिकाम्या जागेची गरजच नसते. म्हणून हायड्रोजन सल्फाइडचा तिथे फारसा अडथळा होत नाही. तिथला खरा शत्रू वेगळा आहे. डिझेलमधली क्विनोलीन, ॲक्रिडीनसारखी नायट्रोजनची आम्लारिधर्मी संयुगं ब्रिमला चिकटून बसतात. ती आधी निघाल्याशिवाय हट्टी रेणूची पाळी येत नाही. रिफायनरीतल्या अनुभवी लोकांना नायट्रोजन वाढला की गंधक सुटत नाही हे ठाऊक होतंच, आता त्यामागचं कारण कळलं.

टॉप्सोने २००३ मध्ये 'ब्रिम' याच नावाने नव्या उत्प्रेरकांची मालिका आणली. दुसऱ्या प्रकारच्या कडाही वाढवायच्या आणि ब्रिमची पट्टीही, असा त्यांच्या बनावटीचा उद्देश होता. दहा वर्षांनी 'हायब्रिम' आला. युरोपात २००५ पासून ५० पीपीएम आणि २००९ पासून १० पीपीएम, अमेरिकेत २००६ पासून १५ पीपीएम, अशा मर्यादा याच काळात लागू होत होत्या. या स्पर्धेत टॉप्सो एकटी नव्हती. अल्बेमार्ल, क्रायटेरियन, ॲक्सेन्स या कंपन्यांनीही आपापले उत्प्रेरक आणले आणि तेही १० पीपीएम गाठतात. चित्र पाहिलं आणि उत्प्रेरक झाला, इतका सरळ हा प्रवास नसतो. सोन्यावरचा त्रिकोण आणि ॲल्युमिनाच्या छिद्रातला पापुद्रा यांच्यामध्ये पायलट प्लँटवरची वर्षानुवर्षांची मेहनत असते, आणि तिची चित्रं कोणी छापत नाही. पण कोणत्या दिशेने हात घालायचा हे त्या चित्रांनी सांगितलं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

रिॲक्टरमध्ये काय होतं

चांगला उत्प्रेरक घेतला म्हणून १० पीपीएम आपोआप येत नाही. रिॲक्टरमध्ये दाणे नीट भरले नाहीत आणि तेलाला एका बाजूने सोपी वाट मिळाली, तर तेवढ्या धारेतला गंधक तसाच खाली उतरतो. मर्यादा ५०० होती तेव्हा हे खपून जायचं. आता एक टक्का तेल जरी १००० पीपीएमचा गंधक घेऊन निसटलं, तरी सगळा माल १० च्या वर जातो. हीट एक्स्चेंजरमधली केसाएवढी गळतीसुद्धा घात करते.

दाब कमी असेल तर कोबाल्ट-मॉलिब्डेनम बरा पडतो, कारण तो गंधक जास्त करून थेट काढतो आणि हायड्रोजन कमी खातो. दाब आणि हायड्रोजन मुबलक असेल तर निकेल-मॉलिब्डेनम, कारण तो हायड्रोजन देण्यात तरबेज. बऱ्याच ठिकाणी दोन्हींचे थर एकावर एक घालतात. महिने जातात तसा उत्प्रेरक थकतो आणि तापमान हळूहळू चढवत न्यावं लागतं. इथे एक पेच आहे. फार तापमानाला हायड्रोजन जोडण्याची क्रिया उलट फिरू लागते, म्हणजे ज्या मार्गाने हट्टी रेणू फुटतो तोच मार्ग फेरीच्या शेवटी आखडतो. शेवटच्या महिन्यांत ऑपरेटर मंडळींची जी ओढाताण होते, तिच्या मुळाशी हे आहे.

किंमतही मोजावी लागते. हायड्रोजन बहुतेक ठिकाणी नैसर्गिक वायू किंवा नॅफ्थापासून बनतो आणि त्यात कार्बन डायऑक्साइड सुटतो. शिवाय गंधकासोबत डिझेलमधले नैसर्गिकपणे वंगणाचं काम करणारे घटकही जातात. स्वीडनने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला १० पीपीएमचं डिझेल आणलं तेव्हा इंधनाचे पंप झिजू लागले होते, आणि त्यानंतर वंगणासाठीचं मिश्रण घालणं रूढ झालं. तरीही हा सौदा मला पटतो. गंधक इतका कमी झाल्याशिवाय गाडीच्या धुराड्यातला काजळीचा फिल्टर आणि नायट्रोजन ऑक्साइड मारणारी यंत्रणा टिकत नाही, आणि त्यांच्याविना शहरातल्या रस्त्याकडेच्या हवेत फरक पडत नाही. माहुल-चेंबूरच्या दोन्ही रिफायनऱ्या आज हेच डिझेल काढतात.

देशी उत्प्रेरकाचं कामही चालू आहे. इंडियन ऑइलच्या फरीदाबादच्या संशोधन केंद्राने 'इंडिकॅट' या नावाने स्वतःचे उत्प्रेरक तयार केले. बाहेरून विकत घेतलेल्या दाण्याला आपल्याकडच्या मिश्र क्रूडचा नायट्रोजन आणि धातू कितपत मानवतील हे दुसरा कोणी आपल्यासाठी तपासून देत नाही, म्हणून हे काम जास्त जोमाने व्हायला हवं.

शेवटी थकलेला उत्प्रेरक बाहेर काढतात तेव्हा नायट्रोजनच्या पांघरुणाखाली काढावा लागतो. त्यातली सल्फाइडं हवेत तापून पेटू शकतात. पूर्वी साचलेला कोक जपून जाळला की दाणा पुन्हा वापरता यायचा. नव्या पिढीच्या उत्प्रेरकाला एवढं पुरत नाही. कोक जाळताना कडेवरचा कोबाल्ट विस्कळित होतो, काही पुन्हा ॲल्युमिनात शिरतो, आणि दाणा दुसऱ्या प्रकारावरून पहिल्याकडे घसरतो. म्हणून जाळल्यानंतर त्याला पुन्हा कीलेटच्या द्रावणात भिजवतात, हळू सुकवतात, आणि मग सल्फाइड करताना कोबाल्ट पुन्हा कडेवर जाऊन बसतो. असा पुनरुज्जीवित माल नव्याच्या जवळपास काम करतो. मात्र तेलासोबत आलेलं आर्सेनिक किंवा सिलिकॉन दाण्यावर बसलं असेल तर ते भिजवून निघत नाही. मग तो माल धातू परत मिळवण्यासाठी पाठवतात, आणि मॉलिब्डेनम-कोबाल्ट वेगळे करून नव्या दाण्यांसाठी पुन्हा वापरात येतात.